संगणकाच्या जुन्या पेट्यांची पुनर्निर्मिती : साचा, पाठभेद आणि इतिहासाचे साधन

बीजसंज्ञा : संगणकाची पेटी, प्रतिकृती, साचा, पाठभेद, निर्लेखन, टिफ्रॅक

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला नक्कल ही गोष्ट नवी नाही. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी कारभार पाहत होता, ही कोकणच्या इतिहासातील महत्त्वाची माहिती त्या पत्र्यांवरून मिळते. परंतु हे ताम्रपट प्रत्यक्ष हाताळलेले अभ्यासक फारच थोडे असतील. इतरांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त छापलेल्या ठशांवरून वाचले. ठसा हा मूळ पत्रा नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ठशाच्या आधारे काढलेला निष्कर्ष आपण ग्राह्य धरतो, कारण ठसा कोणी, कशाचा आणि कोणत्या रीतीने घेतला याची नोंद त्याच्यासोबत असते.

प्रस्तुत निबंधाचा विषय याच प्रश्नाचे एक अलीकडचे रूप आहे. गेल्या दीड-दोन दशकांत युरोप-अमेरिकेत १९७० व १९८० च्या दशकांतील संगणकांच्या बाह्य पेट्या नव्याने घडविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे. जुने साचे शोधणे, मूळ पेट्या मोजून त्यांचे आराखडे करणे, नव्या प्लॅस्टिकात त्या ओतणे किंवा त्रिमितीय मुद्रकावर छापणे असे या कामाचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक ठिकाणी त्यामागे हौस आहे, काही ठिकाणी व्यापार आहे. या कामाकडे इतिहासाची साधनपद्धती म्हणून पाहता येईल काय, आणि येत असेल तर महाराष्ट्रातील संगणकांच्या संदर्भात तिचा उपयोग काय, याचा विचार येथे केला आहे. 'पेटी' हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. आपल्या बाजारात ज्याला कॅबिनेट म्हणतात ते, कळफलकासह एकसंध असलेले घरगुती संगणकाचे कवच आणि खोलीभर पसरलेल्या यंत्राची पोलादी चौकट हे तिन्ही तीत अभिप्रेत आहेत.

पेटीला साधन का मानावे?

संगणकाचा इतिहास लिहिणारे सामान्यतः तीन गोष्टी पाहतात : मंडल, स्मृती आणि आज्ञावली. पेटी ही या सर्वांवरची टरफलासारखी वस्तू समजली जाते. या दुर्लक्षाला एक व्यावहारिक कारण आहे. जुनी आज्ञावली आजच्या संगणकावर जशीच्या तशी चालवून दाखविता येते. मंडलाचे आरेख छापील पुस्तिकांत मिळतात. पेटी मात्र चालवून दाखविता येत नाही व आरेखात पुरती येत नाही. तिला जागा लागते, आणि जागा ही संस्थांकडे सर्वांत कमी असलेली वस्तू आहे.

वस्तुतः संगणकाचा समाजाशी संबंध येतो तो पेटीच्या ठिकाणी. यंत्र टेबलावर बसते की खोली व्यापते, ते कोणी उघडावे आणि कोणी उघडू नये, त्याला हवा कोठून मिळते, दुरुस्तीसाठी किती स्क्रू काढावे लागतात, या प्रश्नांची उत्तरे पेटीतच असतात. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. रिक डिकिन्सन यांनी आखलेल्या त्याच्या काळ्या पेटीवर रबरी कळा होत्या. त्या टंकलेखनास सोयीच्या नव्हत्या, पण स्वस्त होत्या. सामान्य घराला परवडेल अशा किमतीत यंत्र बसविण्याचा तो मार्ग होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्या काळचे किंमतपत्रक जे सांगते, तेच त्या कळा बोटांना सांगतात. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये आतले यंत्र मूलतः तेच राहिले, पण कळफलक कठीण प्लॅस्टिकचा झाला. या प्लस नमुन्याची परवाना घेतलेली आवृत्ती भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीस आणली होती.

पेटी कधी यंत्राच्या आधीही जन्मते. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला आणि वैयक्तिक संगणकाच्या युगाचा आरंभ तेथून मोजण्याची प्रथा पडली. प्रत्यक्षात त्या मुखपृष्ठावरची पेटी रिकामी होती. चालते यंत्र अल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला पाठविले असता वाटेत गहाळ झाले आणि छायाचित्रासाठी दिखाऊ पेटी उभी करावी लागली. याच्या उलट उदाहरण १९७६ च्या अ‍ॅपल-१ चे. तो केवळ मंडलपट्ट म्हणून विकला गेला आणि पेटी ज्याची त्याने करून घ्यावी असा व्यवहार होता. कोणी ती लाकडात केली, कोणी केलीच नाही. आज 'अ‍ॅपल-१ ची अस्सल पेटी' बनवून देतो म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारावे लागते की, बाबा रे, कोणाच्या घरची?

साचा आणि आकुंचन

घरगुती संगणकांच्या बहुतेक पेट्या एबीएस या प्लॅस्टिकच्या असत. पोलादी साच्याच्या दोन अर्धांमधील पोकळीत वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरायचे, निवू द्यायचे, साचा उघडायचा आणि वस्तू खिळ्यांनी ढकलून बाहेर काढायची, अशी ही इंजेक्शन मोल्डिंगची पद्धत आहे. तिचे प्रत्येक बंधन पेटीवर खूण ठेवते. वस्तू साच्यातून सुटावी म्हणून उभ्या भिंतींना साधारणपणे १ ते २ अंशांचा उतार असतो. कारखान्यात त्याला ड्राफ्ट म्हणतात. भिंतीची जाडी बहुधा २ ते ३ मि.मी. असते. आतल्या बाजूच्या आधारपट्ट्या त्याहून पातळ ठेवतात, कारण त्या जाड झाल्या तर निवताना बाहेरच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. आत गोल ठसे दिसतात ते ढकलखिळ्यांचे, कडेने बारीक रेघ जाते ती साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याची. कित्येक भागांच्या आत लहानशी तबकडी उमटलेली असते आणि तीतील बाण घडणीचा महिना वा वर्ष दाखवितो. ताम्रपटाच्या अखेरीस मिती यावी तशी ही मिती असते. फक्त ती वाचण्यासाठी पेटी उलटी करावी लागते.

पुनर्निर्मितीचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मूळ साचाच मिळविणे. कमोडोर ६४ या १९८२ च्या संगणकाची १९८६ मध्ये बदललेल्या रूपाची जी पेटी होती, तिचे मूळ साचे अमेरिकेत एका हौशी संग्राहकाला मिळाले आणि २०१० नंतरच्या दशकात त्यांतून लोकवर्गणीच्या आधारे नव्या पेट्या निघाल्या. या पेट्यांना काय म्हणावे? साचा तोच, आकार तोच, मात्र प्लॅस्टिक आजचे व रंग काही वेळा मुळात कधीच नसलेले. मराठीत आपण जुन्या ठशावर पाडलेल्या नव्या नाण्याला खोटे नाणे म्हणतो. येथे तो शब्द कठोर वाटतो, कारण कोणी फसवीत नाही. पण पन्नास वर्षांनी ही पेटी एखाद्या संग्रहालयात नोंदीविना पोहोचली तर फसवणूक आपोआप घडेल.

दुसरा मार्ग मूळ पेटीवरून साचा घेण्याचा. येथे आकुंचनाचा नियम आड येतो. एबीएस निवताना सुमारे ०.४ ते ०.७ टक्के आकसते. म्हणून साचा वस्तूपेक्षा तेवढा मोठा कोरावा लागतो. कमोडोर ६४ ची रुंदी सुमारे ४०० मि.मी. आहे. तिच्यावरून भरपाई न करता साचा घेतला आणि आकुंचन अर्धा टक्का धरले, तर नवी पेटी २ मि.मी. अरुंद होईल. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर ४ मि.मी. कळफलक बसणार नाही, स्क्रूचे खुंट मंडलपट्टाच्या भोकांशी जुळणार नाहीत. पोथीची नक्कल करताना दर पिढीत चुका वाढत जातात, हे पाठचिकित्सेचे निरीक्षण येथे मिलिमीटरमध्ये मोजता येते.

तिसरा मार्ग मापे घेऊन आराखडा नव्याने आखण्याचा. १९९२ च्या अमिगा १२०० साठी युरोपात हाच मार्ग घेण्यात आला. तेथे रेखाटन करणाऱ्यांनी मूळ रूप राखले, पण आत आजचे छोटे मंडलपट्ट बसावेत अशी सोय केली आणि उन्हाने पिवळे न पडणारे प्लॅस्टिक निवडले. उपयोगाच्या दृष्टीने ही पेटी मूळ पेटीहून सरस ठरते. साधन म्हणून तिची किंमत मात्र उतरते, कारण कोणता खाचखळगा १९९२ चा आणि कोणता आजचा, हे पेटीवरून कळत नाही.

रंगाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. जुन्या पेट्यांचे पिवळेपण हा त्यांचा मूळ रंग नव्हे. ज्वाला रोखण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये आणि स्वतः प्लॅस्टिक यांवर प्रकाशातील अतिनील किरणांचा व हवेचा परिणाम होऊन ते येते. २००८ पासून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या लेपाने ते घालविण्याची रीत प्रचलित झाली. मूळ रंग शोधायचा तर कंपनीच्या चिकटपट्टीखाली, दोन अर्धांच्या सांध्यात किंवा तळाच्या रबरी पायांखाली पाहावे. नरपडसारख्या समुद्रालगतच्या गावात या प्रश्नाला खाऱ्या हवेची जोड मिळते. येथे कॅबिनेटचा पत्रा कडांनी गंजतो आणि दर्शनी प्लॅस्टिक तेवढे शाबूत राहते. एकाच पेटीचे दोन भाग दोन वेगळ्या वेगांनी म्हातारे होतात. प्रतिकृती करणाऱ्याने त्यांतील कोणत्या दिवसाची पेटी घडवायची? विकत आणली त्या दिवसाची, की कपाटामागे सापडली त्या दिवसाची?

चिकित्सित आवृत्तीचा दाखला

या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी परदेशी सिद्धान्तांकडे धाव घेण्याआधी पुण्याकडे पाहावे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. त्या कामाची शिस्त सर्वपरिचित आहे : अनेक पोथ्या मिळवायच्या, त्यांची कुळे ठरवायची, पाठ निवडायचा आणि नाकारलेला प्रत्येक पाठ तळटीपेत जिवंत ठेवायचा. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य करता यावा, एवढी सामग्री संपादकानेच त्याच्या हाती द्यायची.

संगणकाच्या पेटीला ही शिस्त लावणे अवघड नाही. एका नमुन्याच्या निदान तीन-चार पेट्या मोजाव्यात. एकच पेटी मोजली तर तिचा वाक, तिची झीज, तिच्यावर पूर्वी कोणी केलेली कानस या सर्वांना आपण मूळ रूप समजून बसू. ०.०२ मि.मी. लघुत्तम मापाचा साधा व्हर्नियर कॅलिपर कडा, भिंती, भोके यांसाठी पुरतो. वक्र पृष्ठभागासाठी अनेक बाजूंनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्रिमितीय आकार उभा करण्याची रीत उपलब्ध आहे. पण मापनाहून महत्त्वाचा आहे तो नोंदीचा भाग. आराखड्यातील कोणते माप प्रत्यक्ष घेतलेले, कोणते छायाचित्रावरून काढलेले आणि कोणते केवळ तर्काने भरलेले, हे प्रत्येक मापापुढे लिहिले पाहिजे. प्राचीन वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ च्या व्हेनिस सनदेने अशीच अपेक्षा केली आहे : हरवलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून ओळखता यावा. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रतिकृतीचे ऐतिहासिक मूल्य या नोंदवहीत साठते. हुबेहूबपणा हा कारागिराचा गुण आहे, त्याबद्दल आदर बाळगावा, पण पुराव्याचे काम तो करीत नाही.

लहान प्रमाणातील प्रतिकृतींचाही येथे उल्लेख करावा. १९७५ च्या पीडीपी-११/७० या यंत्राच्या दर्शनी फलकाची ६:१० प्रमाणातील प्रतिकृती हौशी लोकांत प्रिय आहे. तिच्या आत बोटभर मंडलपट्टावर जुनी आज्ञावली चालते आणि फलकावरचे दिवे खरोखर लुकलुकतात. अध्यापनासाठी ती उत्तम आहे. मात्र तिची बटणे मूळ बटणांहून आखूड, त्यामुळे यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाताची हालचाल त्यात येत नाही.

भारतीय पेट्या आणि निर्लेखन

वरील सर्व उदाहरणे प्लॅस्टिकच्या, लाखोंच्या संख्येने निघालेल्या पेट्यांची आहेत. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या 'क्लास' या प्रकल्पाखाली सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक आले. फिकट रंगाच्या पेटीवर नारिंगी-तांबड्या कळांची ओळ, हे रूप त्या पिढीच्या काही विद्यार्थ्यांना आठवत असेल. पण आपल्या महाविद्यालयांत आणि कार्यालयांत नंतर जे संगणक पसरले ते बहुतांशी जुळणी केलेले होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घ्यायचे आणि वाकविलेल्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये ते बसवायचे, ही रीत रूढ झाली. २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यातालुक्यांत निघाली आणि गावातल्या पुष्कळ मुलामुलींनी संगणकाला पहिला स्पर्श केला तो अशाच फिकट बदामी रंगाच्या पेटीशेजारी बसून.

या कॅबिनेटांना कोणी वारसा म्हणत नाही. त्यांवर प्रख्यात आरेखकाचे नाव नाही, संग्राहकांची मागणी नाही. लिलावात तर त्यांना कोणी हातही लावणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील संगणक हाच आहे, आणि तो वजनावर विकला जात आहे. आपल्या प्रत्येक महाविद्यालयात जडवस्तू संग्रह नोंदवही असते. दरवर्षी पडताळणी होते, निकामी वस्तूंची यादी होते, समिती सही करते, निर्लेखनाचा ठराव होतो आणि टेम्पो येतो. ई-कचऱ्यासंबंधी केंद्र शासनाचे नियम २०११, २०१६ व २०२२ मध्ये आले. त्यांनुसार हा माल अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. हे योग्यच आहे. जुन्या मंडलपट्टांतील शिसे आणि पडद्यांची काच उकिरड्यावर जाऊ नये, विशेषतः डहाणूसारख्या तालुक्यात, ज्याला २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले आहे. पण नियमाचे पालन जितके चोख, तितका पुरावा अधिक वेगाने व अधिक पूर्णपणे नाहीसा होतो, हा यातला पेच आहे.

पेटी जपून ठेवणे बहुतेक संस्थांना शक्य नाही, आणि तसा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल. तिची मापे जपणे शक्य आहे. निर्लेखनाच्या यादीतील प्रत्येक निराळ्या नमुन्याच्या एका पेटीची लांबी-रुंदी-उंची, पत्र्याची जाडी, स्क्रूंची जागा, हवेच्या झरोक्यांची मांडणी, आतल्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर आणि सहा बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे, एवढे एका दुपारी होते. पत्र्याच्या पेटीला महागडा साचाही लागत नाही. उलगडलेल्या पत्र्याचा आराखडा आणि वाकविण्याच्या रेषा कागदावर असल्या तर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही पत्राकाम करणारा ती पेटी पन्नास वर्षांनीही उभी करू शकेल. इतिहास विभाग आणि भौतिकशास्त्र किंवा संगणक विभाग यांनी एकत्र करावे असे हे काम आहे. दुर्दैवाने निर्लेखन समितीवर इतिहासाचा प्राध्यापक नेमला जातो तो बहुधा कोरमसाठी.

चिंचणीची डाय आणि नाममुद्रा

पेटीच्या दर्शनी भागावर एक लहानशी धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते. तीवर निर्मात्याचे नाव उठावात असते. पुनर्निर्मितीत हीच पट्टी सर्वांत त्रास देते. त्रिमितीय मुद्रकावर सुमारे ०.२ मि.मी. जाडीचे थर एकावर एक चढतात, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात.

नरपडहून दक्षिणेला, चिंचणीच्या परिसरात सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लागणाऱ्या डाय हाताने कोरण्याचा उद्योग आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची आणि तीवर पातळ पत्रा दाबून ती सुलटी उठवायची, हे त्याचे सार. संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्रांनी या हस्तकौशल्यापुढे अडचण उभी केली आहे. संगणकाच्या नाममुद्रेचे काम या कारागिरांच्या हातात बसण्याजोगे आहे. मिलिमीटरच्या अंशातला उठाव, धारदार कडा, उलट्या अक्षरांची सवय या सर्व गोष्टी तेथे आहेत. ज्या यंत्राने त्यांचे काम हिरावले, त्याच यंत्राच्या जुन्या चेहऱ्यासाठी त्यांच्याकडे जावे लागावे, यात थोडा काव्यगत न्याय आहे.

तथापि येथे कायदा व इतिहास दोघेही हात धरतात. डिझाइन्स कायदा, २००० अन्वये नोंदलेल्या आकाराला प्रथम १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे १९८० च्या दशकातील पेट्यांच्या आकारावर असा हक्क आज उरणे संभवत नाही. व्यापारचिन्हाचे तसे नाही. व्यापारचिन्हे कायदा, १९९९ प्रमाणे दर १० वर्षांनी नूतनीकरण करीत चिन्ह कितीही काळ राखता येते. तेव्हा आकार घेता येईल, पण नाव उचलता येईलच असे नाही. इतिहासाची हरकत याहून जुनी आहे : मूळ नाव धारण करणारी नवी पेटी ही बनावट सनदेसारखी असते. म्हणून कारागिराकडून नाममुद्रा घ्यावी ती नव्या मजकुराची : 'प्रतिकृती', घडणीचे वर्ष आणि ज्या मूळ पेट्यांवरून मापे घेतली त्यांचे नोंदवहीतील क्रमांक. मूळ नाममुद्रेच्याच आकारात, त्याच जागी, तेवढ्याच उठावात. दुरून पाहणाऱ्याला रूप मिळेल, जवळ येणाऱ्याला सत्य कळेल.

टिफ्रॅकचे १८ फूट

मापांवाचून काय अडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातील पहिल्याच मोठ्या संगणकाचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली प्रथम एक प्रायोगिक यंत्र तयार झाले, ते १९५६ मध्ये चालू लागले. त्यानंतरचे पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. प्रिन्स्टन येथील यंत्राचा आराखडा त्यामागे होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. फेराइटच्या कड्यांची स्मृती ४०-४० अंकांचे २,०४८ शब्द साठवू शके. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि लवकरच टिफ्रॅक सेवेतून गेला.

नाहीशा झालेल्या यंत्राची पुनर्निर्मिती अशक्य नसते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या कोलोसस यंत्रांपैकी बहुतेक युद्ध संपताच मोडण्यात आली होती. तरी टोनी सेल यांनी १९९३ मध्ये ब्लेचली पार्क येथे काम हाती घेतले. हाताशी होती १९४५ ची आठ छायाचित्रे आणि आरेखांचे काही तुकडे. छायाचित्रांतील दृष्टिरेखांवरून मापे काढून त्यांनी संगणकावर चौकटीचे आराखडे केले आणि २००७ पर्यंत चालते यंत्र उभे राहिले. मंडलाच्या आधी चौकट ठरली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. चौकट ठरल्यावाचून कोणता भाग कोठे होता व तारा किती लांब होत्या, हे ठरत नाही.

टिफ्रॅकची चौकट प्रसिद्ध वर्णनांत अशी येते : मुख्य जुळणी १८ फूट लांब, २.५ फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी मांडणीत होती. ती ४ फूट, २.५ फूट व ८ फूट मापाच्या भागांची बनविलेली होती, आणि मंडलांपर्यंत हात जावा म्हणून प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी पोलादी दारे होती. वाचताना हे वाक्य सहज पुढे सरकते. आराखडा काढायला बसले की ते थांबविते. ४ फुटांचे चार भाग मिळून १६ फूट होतात, पाच भाग मिळून २० फूट. १८ फूट कोणत्याच हिशेबाने येत नाहीत.

येथे दोन पाठ संभवतात. पहिला असा की चार भाग ४ फुटांचेच होते आणि उरलेले २ फूट कडेच्या झाकणांत, भागांमधील जोडपट्ट्यांत किंवा एखाद्या अरुंद वेगळ्या खणात गेले. दुसरा असा की भाग साडेचार फुटांचे होते, चार भाग बरोबर १८ फूट भरतात, आणि कोठेतरी नकलून घेताना किंवा टंकलेखनात अर्धा गळाला. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला दुसरा पाठ मोहात पाडील, कारण गळालेले अपूर्णांक ही नक्कलकारांची नेहमीची चूक आहे. पण मोह हा पुरावा नव्हे. जो पाठ हिशेब फार सुबक जुळवून देतो, त्याच्याबद्दल संपादकाने अंमळ अधिक संशय बाळगावा, हीच पाठचिकित्सेची शिकवण आहे.

अध्यापनासाठी टिफ्रॅकच्या चौकटीची १:६ प्रमाणातील प्रतिकृती सोयीची ठरेल. लांबी ३ फूट, रुंदी ५ इंच, उंची १६ इंच. ग्रंथालयातील काचेच्या कपाटावर ती सहज मावते. त्या प्रमाणात १.६ मि.मी. जाडीचा पत्रा ०.२७ मि.मी. होईल, आणि तो मुद्रकाच्या नेहमीच्या ०.४ मि.मी. तोंडातून निघणार नाही. दारांची जाडी म्हणून खोटी ठेवावी लागेल व तसे नोंदवावे लागेल. दारे उघडीच दाखवावीत. मिटलेल्या दारांचा टिफ्रॅक विद्यार्थ्याला गोदरेजच्या कपाटांची रांग वाटेल आणि २,७०० नळ्यांची उष्णता, त्या बदलायला दोन्ही बाजूंनी उभी असलेली माणसे, यांचा मागमूसही उरणार नाही.

भागांच्या रुंदीचा प्रश्न छायाचित्रावरून सुटण्यासारखा आहे. एका भागाचे तोंड समोरून आलेले चित्र घ्यावे आणि रुंदी व उंची यांचे गुणोत्तर काढावे. ते १:२ आले तर भाग ४ फुटांचा, ९:१६ आले तर साडेचार फुटांचा. दोहोंत फरक आठव्या हिश्श्याचा आहे, म्हणजे साध्या पट्टीनेही कळण्याजोगा. तोवर प्रतिकृती ८-८ इंचांच्या चार खणांची करावी आणि उरलेल्या ४ इंचांच्या जागी रंग न दिलेला, सुटा काढता येणारा पत्रा बसवावा. उद्या गुणोत्तर ९:१६ आले, तर तो पत्रा काढून टाकून ९-९ इंचांचे चार खण पुन्हा करावे लागतील, आणि नोंदवहीत पहिल्या चार खणांची मापे तळटीप म्हणून राहतील.